देवा, किमास

"सुना म्हणजे वाळू," असं म्हणून मी फळ्याकडे वळले, आणि पाठीमागे वर्ग असा काही फुटला की खडू हातातच राहिला.

शिरोलीतल्या एका फौंड्रीच्या कँटीनमध्ये भरणारा वर्ग तो. बावीस जण, सगळे पहिली पाळी संपवून, हातपाय धुऊन आलेले, तरी कानामागे काळं राहिलेलंच. मी चोवीस वर्षांची, पुण्यात तीन वर्षं जपानी शिकून नुकतीच कोल्हापूरला परतलेली, आणि आयुष्यातला पहिला वर्ग घेत होते. हसावं की रागवावं ते मला ठरवता येईना.

"बाई, माझ्या घरात दोन सुना हायत," मागच्या बाकावरचे केरबा वरुटे उभे राहून म्हणाले. "दोघींम्होरं माझं काय चालत न्हाई. हितली सुना तरी माझं ऐकती, तेवढं बरं हाय."

"मामा, आत्ता तुम्ही जे 'हाय' म्हणालात ना, तेही जपानीच आहे," मी म्हणाले. "हाय म्हणजे होय."

"आसं? मग निम्मं येतंयच की आमाला!"

माझी भीती त्या दिवशी गेली ती गेलीच. केरबामामा एकावन्न वर्षांचे होते, फौंड्रीतले सगळ्यांत जुने मोल्डर. अठ्ठावीस वर्षं त्यांनी पेटीत वाळू ठोकून पंपांचे साचे बनवले होते. वर्गातले बाकीचे एकवीस जण आयटीआय झालेले, विशीपंचविशीतले. जपानमधल्या एका फौंड्रीत सहा महिने शिकायला आमच्या कारखान्यातून एकाला पाठवायचं ठरलं होतं. दोन महिन्यांनी तिकडचे एक जाणते कारागीर, मोरिवाकी सान, म्हणजे मोरिवाकीसाहेब, येणार होते. प्रत्येकाशी दहा मिनिटं जपानीत बोलून तेच एकाला निवडणार होते. तरुण पोरांना जपान बघायचं होतं, विमानात बसायचं होतं. केरबामामांना मात्र पाच नंबरचं केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, निर्दोष ओतायचं होतं.

"आमच्या धा केसिंगात तिनांत फुगं येत्यात," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. ओतीव लोखंडात आत हवा राहून जी भोकं पडतात त्यांना ते फुगे म्हणत. "वाळू बदलून बघितली, ठोकणी बदलून बघितली. जपान्यांच्यात एक न्हाई. का न्हाई, ते मला हुबं ऱ्हाऊन बघायचंय. मग रिटायर झालो तरी चालंल."

"एकावन्नाव्या वर्षी कसलं जपान!" आमच्या पर्सोनेलच्या ऐनापुरे साहेबांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं वयाच्या रकान्यात बसलेलं हवं असे. थोरल्या मालकांनी मात्र सांगितलं होतं, बोलण्यात पास झाला तर वय बघायचं नाही. म्हणजे केरबामामांचं सगळं भवितव्य त्या दहा मिनिटांवर, आणि ती दहा मिनिटं माझ्यावर.

आणि गंमत अशी की तो मनुष्य माझ्याहून चांगला शिकवायचा. जपानी वाक्य आपल्यासारखंच चालतं, क्रियापद शेवटी आणि नामाच्या मागे चिकटलेला एक चिमुकला प्रत्यय. आपला 'चा' तो त्यांचा 'नो'. 'ने' तो 'दे', आणि 'त' तोही कधीकधी 'दे'च. शेवटी 'का' लावला की प्रश्न, तो तर जसाच्या तसा. पण 'वा' हा प्रत्यय तीन वर्षांत मला स्वतःलाच धड उमगला नव्हता. मी फळाभर बाण काढले, विषय, उद्देश्य, काय काय म्हणाले. पोरं माना डोलवत होती, म्हणजे कुणालाच कळत नव्हतं.

"आपला 'तर' की बाई," केरबामामा म्हणाले. "वाताशी वा केरबा देस. मी तर केरबा हाय. साहेब तर गेलं जेवायला."

मी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: वा = तर. आजही तसंच लिहिते.

क्रियापदाच्या शेवटच्या 'मास'चंही तेच. मी सांगितलं की 'मास' लावलं की बोलणं आदराचं होतं. त्यांनी हात वर केला.

"पर करतोय तर मीच. मग मान कुणाला?"

"ऐकणाऱ्याला."

"म्हंजे 'जी'. करतो जी. करत न्हाई जी. केलं जी." ते पोरांकडे वळले. "मास, मासेन, माशिता. लिवा की रं, काय बघतायसा?"

एकच ठिकाण होतं जिथे गाडी अडायची. खोलीतून निघताना म्हणायचं वाक्य, 'शित्सुरेइ शिमास', म्हणजे आता आपली रजा घेतो. ते केरबामामांच्या जिभेवर बसेना. "शितोळे शिमास," ते म्हणायचे आणि वर्गातला एक शितोळे नावाचा पोरगा दर वेळी "हजर" म्हणून ओरडायचा. मी पंधरा दिवस घोटून घेतलं. शेवटी हसून सोडून दिलं, म्हटलं एवढ्या एका वाक्याने काय बिघडतंय.

एके दिवशी साडेपाचची बस चुकेल म्हणून मी घाईघाईने पिशवी भरली, "येते हं" म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले. मागून केरबामामांचा आवाज आला.

"बाई, 'येते'ला काय म्हनायचं?"

"किमास," मी न वळता म्हणाले.

"आनि 'बरं तर'ला?"

"देवा!"

"काय झालं बाई?"

"काही झालं नाही, तोच शब्द आहे. देवा म्हणजे बरं तर!"

वरच्या पायरीवर मोठा हशा झाला. मी बस पकडली आणि ही गोष्ट साफ विसरून गेले.

मोरिवाकी सान आले ते साठीचे, काटक, अगदी कमी बोलणारे. कोट चांगला होता, पण नखं पाहिली तर अगदी केरबामामांसारखी, कडेने कायमची काळी. ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला ते, शेजारी ऐनापुरे साहेब, आणि कोपऱ्यात अडलंनडलं तर दुभाषी म्हणून मी. पोरं येत होती, पाठ केलेलं घडाघडा म्हणत होती, शित्सुरेइ शिमास करून जात होती. मोरिवाकी सान प्रत्येकाला मान लववत होते आणि वहीत बारीकशी खूण करत होते.

दीडच्या सुमाराला केरबामामा आले. पांढरा शर्ट, इस्त्रीच्या घड्या मोडायच्या बाकी.

नाव सांगितलं, गाव सांगितलं, काम सांगितलं. "सुना दे काता ओ त्सुकुरिमास." वाळूने साचा बनवतो जी. एकेक प्रत्यय जागच्या जागी. मग मोरिवाकी सानांनी विचारलं, जपानला का यायचंय?

याचं उत्तर मी सगळ्यांना पाठ करून दिलं होतं. जपान सुंदर देश आहे, जपानी लोक शिस्तीचे आहेत वगैरे. केरबामामांनी ते म्हटलंच नाही. एकेक वीट रचावी तसं बोलू लागले.

"कोल्हापूर नो पोंपु नी आना गा आरिमास." कोल्हापूरच्या पंपात भोक असतं जी.

"निहोन नो पोंपु नी आना गा आरिमासेन." जपानच्या पंपात भोक नसतं जी.

"नाझे देस का?" का जी?

मोरिवाकी सानांनी पेन खाली ठेवलं. सकाळपासून पहिल्यांदाच ते पुढे सरकून बसले. इतक्यात दूर शेडमधली घंटा वाजली. लोखंडाचा रस उतरायला लागला की ती वाजते, आणि तेव्हा मोल्डर आपल्या साच्यापाशी हवाच. केरबामामा चटकन उठले, कमरेत वाकले, सवयीने हातही जोडले.

"देवा, किमास."

"हाय, माचिमास," मोरिवाकी सान म्हणाले. ठीक आहे, वाट बघतो.

केरबामामा समाधानाने निघून गेले. आणि माझ्या कानाला, देवाशपथ सांगते, काहीही खटकलं नाही. वाट बघतो म्हणाले ती पुढच्या उमेदवाराची असणार, असं मी धरून चालले.

पुढचा प्रशांत मगदूम दारात येऊन उभा राहिला. मोरिवाकी सानांनी तळहात दाखवून त्याला थांबवलं. पाच मिनिटं गेली. चहावर साय धरली. ऐनापुरे साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. मोरिवाकी सान दाराकडे बघत होते.

"काय ओ मॅडम, काय चाललंय?" साहेब कुजबुजले.

मी अदबीने विचारलं. उत्तर ऐकून मला काही कळेना. "ते केरबामामांची वाट बघतायत म्हणे."

"तो तर गेला."

"हो ना."

पंधरा मिनिटं झाली तेव्हा साहेबांनी शिपायाला शेडकडे पिटाळलं. तो धापा टाकत परत आला. "वरुटे म्हनत्यात, रस चाललाय, ओतल्याबिगर हलणार न्हाई. आनि म्हनत्यात, माझं झालंय की बोलून!"

मी ते जमेल तेवढं गोड करून सांगितलं. मोरिवाकी सानांनी मान हलवली, वही ओढली आणि लिहिता लिहिता हळूच म्हणाले, "येतो म्हणाले होते. मला वाटलं, तो भोक पडलेला पंप आणायला गेले. आले नाहीत." आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. मी ते साहेबांना मराठीत सांगितलं.

"बघा," ऐनापुरे साहेब म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? परक्या माणसाला शब्द देऊन बसवून ठेवायचं म्हणजे काय! पुढचा बोलवा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पायऱ्या, पिशवी, साडेपाचची बस. कान गरम झाले. गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं की हे कुणाचं शिकवणं आहे. माझी नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती, आणि खोटं कशाला बोला, तो विचारही मनात येऊन गेला. पण पांढऱ्या शर्टाच्या त्या घड्या डोळ्यांसमोर आल्या आणि मी उभी राहिले.

"चूक त्यांची नाही," मी आधी मराठीत आणि मग जपानीत म्हणाले. "माझी आहे. मी शिकवलंय."

"काय शिकवलंत?" साहेबांनी विचारलं.

"निघताना 'किमास' म्हणायचं. येतो म्हणून."

"मग बरोबरच आहे की," साहेब बोलून गेले, आणि मग त्यांचे त्यांनाच कळून तोंड उघडं राहिलं.

मोरिवाकी सानांनी वही मिटली. आमचं पुढचं बोलणं जपानीत झालं, आणि तसलं बोलणं मी पुन्हा कधी केलेलं नाही.

"म्हणजे ते येणार नव्हते?"

"नव्हते."

"पण येतो म्हणाले."

"जात होते म्हणून म्हणाले. आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत. ते अशुभ वाटतं. गेलेला माणूस परत यावा म्हणून 'येतो' म्हणायचं."

"तुम्हीही असंच म्हणता?"

"रोज."

"आणि मागे राहणारा काय म्हणतो?"

"'या' म्हणतो."

"कधी या?"

"ते कुणी विचारत नाही."

"मग खरोखर परत आल्यावर काय म्हणता?"

"'आलो' म्हणतो."

"ते बरोबर आहे," ते गंभीरपणे म्हणाले. मग खिडकीकडे बघत स्वतःशीच पुटपुटले, "इत्ते किमास."

आणि मी कपाळाला हात लावला. जपानमध्ये घरातून निघणारा प्रत्येक जण उंबऱ्याशी हेच म्हणतो. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या धड्यात होतं ते, शिष्टाचाराचं वाक्य म्हणून पोपटासारखं पाठ केलेलं. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येतो. जाऊन येतो! तीन वर्षं ते तोंडात घोळवलं आणि एकदाही फोडून बघितलं नाही. आपलंच बोलणं ते, समोर येऊन उभं राहिलं तरी मी ओळख दाखवली नव्हती.

"माझी बायकोही मागून तेच म्हणते, जाऊन या," मोरिवाकी सान म्हणाले. त्यांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. ते हसत होते, हे कळायला मला जरा वेळ लागला. मग ते उठले, कोट काढून खुर्चीला अडकवला आणि बाह्या वर सारल्या. "ते येत नसतील तर आपण जाऊ. इकिमाशोऽ."

शेडमध्ये ओतणं चालू होतं. केरबामामांनी आम्हाला बघितलं, पण हातातलं काम सोडलं नाही. हात पाठीमागे बांधून, शेवटचा साचा भरेपर्यंत मोरिवाकी सान लांबच उभे राहिले. ऐनापुरे साहेब रुमालाने नाक झाकून त्यांच्या मागे. मग केरबामामा घाम पुसत आले आणि माझ्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाले, "काय चुकलं का बाई?"

"तुमचं नाही," मी म्हणाले. "त्यांना भोक दाखवा."

त्यांनी कोपऱ्यातलं एक बाद केसिंग दोन्ही हातांनी उचलून आणलं. मोरिवाकी सानांनी भोकात करंगळी घालून फिरवली. मग सरळ वाळूच्या ढिगापाशी उकिडवे बसले, मूठभर वाळू घेतली, आवळली, मोडली, नाकाशी नेली. केरबामामाही शेजारी उकिडवे बसले, त्यांनीही मूठ आवळली, मोडली. दोघांच्या हातातले तुकडे एकमेकांना दाखवून झाले. मला मध्ये बोलायला जागाच नव्हती.

"सुना," मोरिवाकी सान म्हणाले.

"हाय, सुना," केरबामामा म्हणाले.

"मिझु," मोरिवाकी सानांनी बोटाने वाळूकडे दाखवलं. पाणी.

केरबामामांचे डोळे बारीक झाले. "मिझु... ओइ देस का?" पाणी जास्त आहे का जी?

मोरिवाकी सानांनी हात हलवला. तसंही नव्हे. त्यांनी वाळू कधी भिजवता, किती वेळ झाकता, असलं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण दोन शब्दांतच थांबले. मी सांगायला पुढे झाले, तर त्यांनी तळहात दाखवून मलाही थांबवलं. अठ्ठावीस वर्षांचं कोडं एका वाक्यावर आलं होतं, आणि ते वाक्य येईना.

"नाझे देस का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मोरिवाकी सान हातावरची वाळू झटकत उठले. एकदा केसिंगकडे, एकदा केरबामामांकडे बघितलं आणि स्वच्छ, सावकाश, पहिल्या इयत्तेच्या मुलाला सांगावं तसं म्हणाले,

"निहोन दे हानाशिमास."

"काय म्हणाले?" ऐनापुरे साहेबांनी माझा दंड हलवला. माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं. हे वाक्य माझं नव्हतं.

केरबामामा तसेच उकिडवे. ओठ हलत होते, बोटं वाळूत टेकलेली.

"हानाशिमास... सांगतो जी." एक बोट उचललं. "निहोन म्हंजे जपान. जपान... दे." ते अडखळले. "दे म्हंजे 'ने'. जपानने सांगतो? न्हाई, आसं न्हाई बसत." कपाळावर आठ्या आल्या. "दुसरा 'दे' हाय. 'त'. जपान... जपानात." त्यांनी वर बघितलं. "जपानात सांगतो जी?"

"हाय," मोरिवाकी सान म्हणाले.

केरबामामा तिथेच वाळूवर मटकन बसले, पांढऱ्या शर्टासकट. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. सगळी शेड काम सोडून आमच्याकडे बघत होती.

केरबामामांनी दोन्ही हात शर्टाला पुसले, ऐनापुरे साहेबांकडे बघितलं आणि विचारलं,

"साहेब, पासपोर्टला फोटो किती लागत्यात जी?"